नऊ हजारांचं कंत्राट आणि १,२७२ डॉलरचा दणका

२०२४ मध्ये माझी वर्षभराची कमाई काय, तर न्यू जर्सीतल्या एका छोट्या ऑफिसचं तीन महिन्यांचं कंत्राट. ९,००० डॉलर. चेकमधून एक सेंट कापला जात नव्हता आणि मला त्याचंच कोण कौतुक!

१०९९ म्हणजे कंत्राटावरच्या माणसाला वर्षभरात किती पैसे दिले ते सांगणारा फॉर्म, तो तुम्हाला ठाऊक असेलच. मी अडकले ती पुढे. ग्रुपवरचे एक दादा म्हणाले, "स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे इन्कम टॅक्समधून सूट मिळणारी कमाई, १४,६०० आहे, तुझे नऊच हजार. टॅक्स शून्य." ग्रुपवर असे दादा असतातच, त्यांनी स्वतः जन्मात कंत्राटावर काम केलेलं नसतं. एप्रिलमध्ये फॉर्म भरायला बसले तर देणं १,२७२. आकडे तीनदा घातले, तेच.

दादा अर्धे बरोबर होते. इन्कम टॅक्स शून्यच होता. पण सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स वेगळा. नोकरीत सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा सरकारी आरोग्य विमा) यांचे ७.६५ टक्के आपले कापतात, तेवढेच मालक घालतो. कंत्राटात मालकही आपणच, म्हणून १५.३. आणि याला स्टँडर्ड डिडक्शन लागू होत नाही. पुन्हा सांगते, लागू होत नाही! शेड्यूल सी, म्हणजे धंद्याच्या जमाखर्चाचा फॉर्म, त्यावरचा नफा घ्यायचा, त्याचे ९२.३५ टक्के, म्हणजे माझे ८,३११, आणि त्यावर १५.३ टक्के. नफा ४०० डॉलर झाला की हा कर आलाच, मग १०९९ हातात पडो न पडो.

तो कमी होतो फक्त कामाच्या खर्चाने. माझं ६०० डॉलरचं सॉफ्टवेअर होतं, म्हणजे ८५ डॉलर वाचले असते. पावती? कुठल्या ईमेलवर आली होती देव जाणे.

वर थोडा दंडही बसला. आदल्या वर्षी नोकरी होती, कर भरलेला होता, म्हणून दंडातून सूट नव्हती, आणि २०२४ चं हजारावर देणं निघूनही मी कराचे आगाऊ हप्ते भरले नव्हते. एप्रिल, जून, सप्टेंबर, जानेवारी, साधारण १५ तारीख. आत्ताच फोनमध्ये टाका.

घाबरू नका मात्र. पैसे नसले तरी फॉर्म वेळेत भरा. आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) साइटवर १८० दिवसांपर्यंत मुदत मागता येते, त्याची फी नाही; व्याज आणि उशिराचा दंड चालू राहतो. मी माझं देणं तसंच फेडलं. आणि त्या कमाईवर सोशल सिक्युरिटीची वर्षाची चारही क्रेडिटं जमा झाली. पेन्शनसाठी लागतात ४०.

हल्ली चेक आला की चौथा हिस्सा दुसऱ्या खात्यात. त्या खात्याचं कार्ड मी मागवलेलंच नाही.