मॉन्झाची पहिली शिकेन: ऑनलाइन शर्यतीची पहिली लॅप गाडी न ठोकता कशी काढायची

संगणकावरची ऑनलाइन कार शर्यत: जीटी३ गाड्या (स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्या), इटलीतला मॉन्झा ट्रॅक, ग्रिडवर म्हणजे सुरुवातीच्या रांगांत वीस-बावीस जण. दिवा हिरवा होतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आत पहिल्या शिकेनवर, म्हणजे वेग उतरवायला लावणाऱ्या उलटसुलट वळणांच्या जोडीवर, चार-पाच गाड्या एकमेकींवर चढलेल्या असतात. मग चॅटमध्ये शिव्यांचा पाऊस. मागून ठोकणारा दर वेळी माथेफिरूच असतो असं नाही. बऱ्याचदा तो सरावात शंभरदा जिथे ब्रेक दाबला, तिथेच आताही दाबतो, आणि नेमकं तेच चुकतं.

कसं ते आकड्यांत बघू. सरळीवर ताशी २१६ किमीने चाललात, म्हणजे सेकंदाला ६० मीटर. पुढच्या गाडीपासून ०.३ सेकंद मागे असाल तर तिच्या नाकापासून तुमच्या नाकापर्यंत १८ मीटर होतात. जीटी३ गाडी साधारण ४.६ मीटर लांब. ती वजा केली तरी मध्ये १३ मीटर मोकळे राहतात आणि डोळ्यांना ते भरपूर वाटतात. एरवी ही शिकेन ताशी ७०-८० किमीने निघते. पहिल्या लॅपला मात्र गाड्या जोडीजोडीने आत शिरतात आणि मधली रांग ५० वर येते, म्हणजे सेकंदाला जेमतेम १४ मीटर. आता तेच ०.३ सेकंद म्हणजे ४.२ मीटर, आणि गाडी तर ४.६ मीटरची! कोणीही काही चुकलं नाही, सगळ्यांनी आपापल्या खुणेवर ब्रेक दाबला, तरी टक्कर ठरलेली.

हेच अंतर ०.६ सेकंद ठेवलं तर ताशी ५० च्या रांगेतही मध्ये पावणेचार मीटर उरतात. पहिल्या वळणाची सगळी तयारी या अर्ध्या-पाऊण सेकंदासाठी करायची असते.

ग्रिडवर येण्याआधी

आधी दिसतंय किती ते तपासा. एका मॉनिटरवर खेळणाऱ्यांचे बरेच अपघात बाजूची गाडी न दिसल्यामुळे होतात, असं म्हणायला हरकत नाही. एफओव्ही (स्क्रीनवर दिसणाऱ्या दृश्याचा कोन) अंदाजाने लावू नका. २७ इंची मॉनिटर साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतो. डोळ्यांपासून तो ६० सेंटिमीटरवर असेल तर आडवा एफओव्ही ५३ अंश येतो. असेटो कोर्सा या गेममध्ये उभा आकडा भरावा लागतो, तिथे हेच ३१ अंश होतात. ३१ च्या जागी ५३ भरलेत तर पुढच्या गाड्या आहेत त्यापेक्षा लांब दिसतील आणि ब्रेक उशिरा लागेल. उलट बरोबर एफओव्ही लावला की अंतर खरं दिसतं, पण बाजूचं जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणून जवळच्या गाड्या दाखवणारं गेममधलं रडार चालू ठेवा, आभासी आरसा लावा आणि बाजूच्या गाड्यांची बोलून खबर देणारा, क्रू चीफ या प्रोग्रामसारखा आवाजी स्पॉटर जोडा. क्रू चीफ फुकट मिळतो. ‘डावीकडे गाडी’ हे कानावर पडणं मान वळवून बघण्यापेक्षा लवकर होतं. आजूबाजूला बघायची बटणं स्टिअरिंगवरच, अंगठ्याखाली हवीत. कीबोर्डवर असतील तर ऐन वेळी ती दाबली जात नाहीत.

इंटरनेट वायफायवर नको, केबलच लावा. पुण्या-मुंबईहून युरोपातल्या सर्व्हरवर खेळताना पिंग (माहिती सर्व्हरवर जाऊन परत यायचा वेळ) शंभर मिलिसेकंदांच्या बराच वर जातो. दोघांचा पिंग आणि गेमचा स्वतःचा विलंब धरून दुसऱ्याची गाडी तुम्हाला ०.३ सेकंद उशिरा कळते असं समजू. मधल्या वेळात ती कुठे असेल हे गेम अंदाजाने काढतो. ब्रेकखाली गाडीचा वेग सेकंदाला १५ मीटर प्रतिसेकंद अशा दराने उतरत असेल, तर त्या ०.३ सेकंदात हा अंदाज सुमारे ०.७ मीटरने चुकू शकतो. तुमच्या स्क्रीनवर जे जेमतेम निसटलं, ते समोरच्याच्या स्क्रीनवर लागलेलं असतं. त्यामुळे बाजूच्याला गाडीची रुंदी, म्हणजे दोनएक मीटर, आणि वर अर्धा मीटर सोडायचा. राउटर इन्व्हर्टरवर घेतलेला बरा. वीज गेल्यावर संगणक यूपीएसवर चालू राहतो, राउटर बंद पडतो आणि तुमची गाडी इतरांच्या स्क्रीनवर भुतासारखी उड्या मारू लागते.

सरावात बहुतेकांची सवय १० लिटर इंधन आणि गरम टायर अशी असते. शर्यतीला ६० लिटर भरलं की ५० लिटरचे सुमारे ३७ किलो वाढतात. १,३०० किलोच्या गाडीला ते तीन टक्क्यांच्या आत आहेत, म्हणजे इंधनाचा जितका बाऊ होतो तितका तो मोठा नाही. खरा फरक टायरचा. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने या गेमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत कोरड्या ट्रॅकवर गरम टायरचा दाब २६ ते २७ पीएसआयच्या दरम्यान लागतो, आणि तो यायला दोन-तीन लॅप जातात. पहिल्या ब्रेकला तुमच्याकडे ती पकड नसते. मागचे टायर गार असल्याने ब्रेक सोडत वळताना शेपूट निघते. ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकच्या जोराची वाटणी) १ ते २ टक्के पुढे घ्या आणि तिसऱ्या लॅपला परत आणा. थांबायला थोडं जास्त अंतर लागेल, पण गाडी गरकन फिरण्यापेक्षा ते परवडलं.

सुटल्यापासून ब्रेकपर्यंत

रोलिंग स्टार्टला, म्हणजे गाड्या चालत असतानाच शर्यत सुरू होते तेव्हा, आपल्या रांगेत आणि स्क्रीनवर दाखवलेल्या अंतरात राहा. टायर तापवायला गाडी नागमोडी चालवण्याचा मोह इथे आवरा. शेजारी दोन मीटरवर दुसरी गाडी असते, आणि त्या वळवळीने टायर फारसे तापतही नाहीत. दिवा हिरवा झाला की पुढची गाडी वेग घेऊ लागल्यावरच दाबा. दिवा बघून थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) दाबला आणि पुढच्याने गिअर चुकवला, तर शर्यत सुरू होण्याआधीच त्याच्या डिकीत.

सरळीवर नजर पुढच्या बंपरवर खिळते. ती काढून दोन-तीन गाड्या पुढे न्या. मधल्या रांगेतून पुढचं थेट दिसत नाही, तेव्हा गाडीच्या एका बाजूला अर्धा मीटर सरकून चाला. पहिल्या गाडीचे ब्रेकदिवे लागलेले दिसले की तुमच्या पुढच्याचे लागण्याची वाट बघू नका.

स्लिपस्ट्रीमचा, म्हणजे पुढच्या गाडीमागच्या हवेच्या आडोशाचा, फसवेपणा इथेच लक्षात घ्यायचा. दोनशेच्या वर हवेचा रोध स्वतःच गाडी रोखत असतो. दोन गाड्यांच्या आडोशाला असलात की तो रोध कमी होतो आणि गाडीला खाली दाबणाऱ्या पंखांचा जोरही घटतो. म्हणजे वेग जास्त, थांबवणारी हवा कमी आणि पकडही कमी. मोकळ्या सरावातली १५० मीटरची खूण तुमच्या कितीही ओळखीची असो, या गर्दीत तिच्यावर भिस्त ठेवू नका.

पाचव्या-सहाव्या क्रमांकाच्या मागे असाल तर असं करा: नेहमीच्या खुणेच्या आधी सेकंदभर थ्रॉटल अर्ध्यावर आणा. मग खुणेच्या ३०-४० मीटर आधी ब्रेक, तोही ६०-७० टक्केच. याचा फायदा दुहेरी. पुढचे अचानक थांबले तर तुमच्या पायाखाली अजून ३० टक्के शिल्लक असतात, आणि पुढे जागा झाली तर ब्रेक सोडून सरकता येतं. खुणेवर १०० टक्के दाबणाऱ्याकडे यातलं काहीच उरत नाही. मात्र ५० मीटर आधीच एकदम पूर्ण ब्रेक मारलात तर मागचा तुमच्यात घुसेल आणि रिप्लेत चूक तुमची दिसेल. आधी हळूच थ्रॉटल सोडायचा तो यासाठीच: मागच्याला अंतर कमी होताना दिसतं आणि तोही सावध होतो.

ब्रेकखाली रेषा बदलायची नाही. बचाव करायचाच असेल तर ब्रेकच्या आधी, एकदाच सरका. एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमावलीतही बचावासाठी एकापेक्षा जास्त वेळा दिशा बदलायला मनाई आहे. परत रेसिंग लाइनकडे (सगळ्यात वेगाने जायच्या रेषेकडे) येताना ट्रॅकची कड आणि तुमची गाडी यांच्यात किमान एका गाडीची जागा सोडावी, हेही तिथेच आहे.

वळणात: जागा कोणाची?

आतून जाणाऱ्याने हे पक्कं धरावं: समोरचा वळायला लागेपर्यंत तुमची पुढची चाकं त्याच्या आरशाच्या बाजूला पोचलेली हवीत, आणि तिथून तुमची गाडी अ‍ॅपेक्स (वळणाच्या आतल्या कडेचा बिंदू) धरून वळलीही पाहिजे. ऐन वेळी ब्रेक उशिरा दाबून नाक आत घातलं, म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली असं होत नाही. अशा घुसखोरीची, म्हणजे डाइव्हबॉम्बची, ओळख सोपी आहे. पुढचा तिथे नसता तर ही गाडी वळलीच नसती.

मॉन्झाला आधी उजवं आणि लगेच डावं वळण. पहिल्यात आत असलेला दुसऱ्यात बाहेर जातो. जोडीने शिरलात तर दोघांनीही हे धरून चाला की दुसऱ्या वळणात शेजारी गाडी आहेच, स्पॉटर गप्प असला तरी. बाहेरच्याने पहिल्याच वळणात आतला मागे पडला असेल असं गृहीत धरून दार लावलं की जे होतं, ते दर शर्यतीत दिसतं. अर्धी गाडी मागे असाल आणि शंका आली तर थ्रॉटल सोडून मागे या. पुढे कुर्वा ग्रांदेच्या लांबलचक उजव्या वळणानंतर रोज्जाची शिकेन आहे. तोवर रांग एकेरी झालेली असते आणि पहिल्या वळणात धडपडलेले दोघे-तिघे तिथे आयते मिळतात.

शिकेन चुकली तर जबरदस्तीने वळू नका. सरळ निसटरस्त्याने जा, वेग कमी ठेवा आणि आधीच्याच क्रमांकावर परत या. कॉर्नर कापल्याबद्दल वेग कमी करायची सूचना आली, तर ती रेसिंग लाइनवर ब्रेक मारून फेडायची नाही. बाजूला सरका आणि सरळीवर थ्रॉटल सोडा. नुसत्या या एका चुकीमुळे होणाऱ्या टकरा काही कमी नाहीत.

समोर गोंधळ झाला तर

चाकं सरळ ठेवून ब्रेक दाबा. फट शोधत झटका दिलात तर तुम्हीच शेजाऱ्यावर जाल. फिरणारी गाडी कुठे जाईल याचा अंदाज बांधण्यापेक्षा आपला वेग उतरवणं भरवशाचं.

तुमची गाडी फिरली, तर ब्रेक आणि क्लच दोन्ही पूर्ण दाबा आणि दाबून धरा. थांबलेली गाडी चुकवता येते. ब्रेक सोडल्यावर मागे घरंगळत ट्रॅक ओलांडणारी गाडी कोणालाच चुकवता येत नाही, आणि दुसरा मोठा अपघात बहुधा तिच्यामुळेच होतो. आयरेसिंग या गेममध्ये एफ३ दाबून जवळच्या गाड्यांचं अंतर बघा. येणाऱ्यांत ५-६ सेकंदांची मोकळीक मिळाली की निघा, ट्रॅकला समांतर, रेसिंग लाइन सोडून. आधीच शेवटच्या क्रमांकावर असाल तर घाई कोणासाठी करायची?

कोणाला ठोकून क्रमांक मिळाला असेल तर पुढच्या सरळीवर कडेला थ्रॉटल सोडून त्याला जाऊ द्या. वळणात थांबून नको.

‘चूक त्याची होती’

असेलही. पण आयरेसिंगची अपघात-गुणांची मोजणी चूक कोणाची हे बघत नाही. ट्रॅकबाहेर गेलं की १, ताबा सुटला की २, भिंतीला आदळलं की २, आणि डांबरी ट्रॅकवर दुसऱ्या गाडीशी जोराची टक्कर झाली की दोघांनाही ४. अनेक अधिकृत मालिकांत १७ झाले की शर्यतीतून बाद. म्हणजे पहिल्याच वळणात निर्दोष असूनही चौथाई हिस्सा संपतो, आणि वीस मिनिटांची शर्यत वाकड्या सस्पेन्शनने काढावी लागते ती वेगळीच. ठोकणारा ओळखून त्याला वाट देणं याला घाबरटपणा म्हणणाऱ्यांनी आपलं सेफ्टी रेटिंग (किती सुरक्षित चालवता याचा गेममधला आकडा) एकदा बघावं.

तक्रार करायची असेल तर रिप्ले जतन करा, आणि आधी तोच प्रसंग समोरच्याच्या कॉकपिटमधून बघा. त्याला तुमची गाडी दिसू शकत होती का, हे तिथे कळतं. चॅटमध्ये काही लिहू नका. शिवी मराठीत दिली म्हणून ती शिवी राहत नाही असं नाही. चूक तुमची असेल तर शर्यत संपल्यावर एक ‘सॉरी’ पुरे.

सराव

नुसत्या वेगवान लॅप मारून हे येत नाही. संगणकाच्या वीस गाड्या, मॉन्झा, शर्यतीइतकं इंधन, गार टायर, तुम्ही बाराव्या क्रमांकावर. सुरुवात करा, रोज्जा ओलांडली की बंद करून पुन्हा सुरू. असं दहा वेळा. एका फेरीला दीड मिनिटही लागत नाही. पहिल्या दिवशी क्रमांक मोजू नका, फक्त धक्के मोजा. दहाच्या दहा फेऱ्या बिनधक्क्याच्या झाल्या की ब्रेकची आधीची खूण ३०-४० वरून २० मीटरवर आणा आणि पुन्हा दहा करा. मग बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर हेच करा. तिथे ला सोर्सचा हेअरपिन (गाडी जवळजवळ उलटी फिरवणारं वळण) सुरुवातीच्या रेषेपासून अगदी जवळ आहे, त्यामुळे वेग कमी असतो, पण गाड्या जास्त दाटलेल्या असतात. ०.६ सेकंद तिथे मिळतच नाहीत, ते ग्रिडवरून सुटतानाच राखावे लागतात.