जुन्या गल्लीतला आड पुन्हा वापरात आणताना

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, रायबागच्या कोरड्या पट्ट्यात गावं माळावर पसरत चालली आहेत. नव्या लेआउटचा भार बोअर आणि टँकरवर. जुन्या गल्ल्यांत मात्र घरोघरचे आड अजून आहेत, बरेचसे फरशी टाकून झाकलेले. ते बुजवू नका. १००० चौरस फूट स्लॅबवर वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर गळती आणि बाष्प वजा जाता सुमारे ३७,००० लिटर पाणी आडात सोडता येतं.

आधी गल्लीतल्या जुन्या माणसांकडे बसा. झरे कोणत्या अंगाला आहेत? पाणी कोणत्या महिन्यात तळ गाठायचं? चव गोडी होती की मचूळ? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आसपास पूर्वी संडासाचे खड्डे कुठे होते? हे कुठल्याच उताऱ्यावर सापडत नाही, आणि घरं विकली गेली की सांगणारंही कुणी उरत नाही. मिळालेली उत्तरं नकाशा काढून लिहून ठेवा.

गाळ वैशाखात काढावा, मिरगाच्या आधी. एका दमात उपसा करू नका. भोवतालची जमीन ओली असताना आतलं पाणी एकदम उतरलं, की मागच्या दाबाने दगडी बांधकाम ढासळतं. निम्मं उपसून रात्रभर थांबा.

आत उतरणं हा सगळ्यांत धोक्याचा भाग. वर्षानुवर्षं झाकलेल्या आडात प्राणवायू कमी असतो, कुजलेल्या गाळातून विषारी वायू सुटतो. कंदील विझला नाही म्हणजे हवा चांगली, असं धरू नका: विषारी वायू कंदिलाला कळत नाही आणि पेटणारा वायू असला तर भडका उडतो. ब्लोअरने हवा खेळवा, उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा-दोर बांधा, वर दोघं तरी उभे ठेवा. डिझेल इंजिन आत कधीच उतरवू नका, त्याच्या धुराने माणसं मरतात. आत कुणी असताना विजेचा पंप बंद ठेवा. खालचा माणूस बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उडी न घेता दोराने वर ओढा.

गाळ निघाला की झरे दिसतात. तिथे सिमेंट लावू नका. गिलावा फक्त वरच्या ३ मीटरला, म्हणजे गटाराचं पाणी झिरपणार नाही. कठडा ७५ सेंटिमीटर उंच, भोवती मीटरभर रुंद आणि बाहेर उताराचा ओटा, तोंडावर जाळी.

स्लॅबच्या पाण्याला ११० मिलिमीटरचे दोन पाइप द्या. पहिल्या पावसाचं १५०-२०० लिटर पाणी धुळीचं असतं, ते झडपेने बाहेर सोडा. पुढे २०० लिटरच्या पिंपात खाली ४० मिलिमीटर खडी, वर २० मिलिमीटर खडी, त्यावर जाडी वाळू. मध्ये नायलॉनची जाळी. काळ्या मातीची धूळ वाळू लवकर तुंबवते, म्हणून पावसाळ्यात दर महिन्याला वरचा थर धुवा. जास्तीच्या पाण्याला वरून निकास ठेवा. आडाऐवजी काळ्या जमिनीत शोषखड्डा खणण्याचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. ओली झाली की ही माती फुगून पाणी अडवते, वर घराच्या पायालाही धोका. मुरूम लागेपर्यंत खणलं तरच उपयोग.

निर्जंतुकीकरणाला आधी पाणी मोजा: व्यास × व्यास × खोली (मीटरमध्ये) × ७८५ = लिटर. २ मीटर व्यास, ३ मीटर पाणी म्हणजे सुमारे ९,४०० लिटर. सफाईनंतर पहिल्यांदा हजार लिटरला १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे इथे १.४ किलो. बादलीत कालवून गाळ बसू द्या, वरचं पाणी आडात सोडा, २४ तासांनी उपसा. पुढे नेहमीसाठी हजार लिटरला २.५ ग्रॅम पुरते. टाकल्यावर तासभर पाणी काढू नका. उघडी पडलेली पावडर निकामी होते.

पिण्याआधी नायट्रेट आणि फ्लोराइड प्रयोगशाळेत तपासून घ्या. संडासाचा शोषखड्डा १५ मीटरच्या आत असेल, तर ते पाणी धुण्याभांड्याला आणि झाडांनाच वापरा. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर पाणी उकळून उपयोग नाही. आटल्यावर ते उलट वाढतं, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या दुधाला असं पाणी मुळीच वापरू नये.