केराटिन करायचंय? आधी बाटलीची मागची बाजू वाचा

लग्नसराई आली की पार्लरमध्ये केराटिनच्या, म्हणजे केस सरळ-मऊ करण्याच्या ट्रीटमेंटच्या, ऑफर लागतात. दर विचारण्याआधी प्रॉडक्ट कोणतं ते विचारा आणि बाटली हातात घ्या. पुढे ठळक अक्षरांत ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ छापलेलं असलं, तरी मागे मिथिलीन ग्लायकॉल हे रसायन सापडू शकतं. त्यावर तापलेली इस्त्री फिरली की फॉर्मल्डिहाइड वायूच सुटतो. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला कर्करोगकारक ठरवलंय. त्याऐवजी ग्लायॉक्सिलिक ॲसिड असलेलं प्रॉडक्टही निर्धोक समजू नका, ते वापरल्यानंतर किडनीला इजा झाल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. बाटली दाखवायला टाळाटाळ केली, तर सरळ उठून या. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, दमेकरी, किडनीचे रुग्ण यांनी या भानगडीत पडूच नये. बाकीच्यांनी निदान खिडक्या उघडायला लावाव्यात. एसीची बंद खोली नकोच.

केस कायमचे सरळ होतील ही आशा सोडा, परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. आणि तेही सुरुवातीचे दोन-तीन दिवस सांभाळले तर: पाणी नाही, रबर-क्लिप नाही, बट कानामागेसुद्धा सारायची नाही, तिथेच घडी पडते. त्यामुळे हळदीच्या आदल्या दिवशी तर मुळीच करू नका. पुढे सल्फेट नसलेला शाम्पू लागतो, त्याचा खर्च आधीच धरा. रंगवलेले केस थोडे फिके पडू शकतात, म्हणून रंगाचं काय करायचं हेही त्याच वेळी ठरवून घ्या.