सात नग: सुपारीच्या आदल्या रात्रीची तयारी

सुपारीच्या, म्हणजे ठरलेल्या कार्यक्रमाच्या, आदल्या रात्री जेवणं आटोपली की सगळं सामान ओसरीत मांडायचं आणि पहिलं काम करायचं ते त्यातलं काय घरी ठेवायचं हे ठरवण्याचं. काय न्यायचं ते नंतर. आमचा लग्नांत गाणारा पाच जणांचा ग्रुप: एक गायक, एक गायिका, कीबोर्ड, ऑक्टापॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आणि ढोलक. एके काळी आमच्या गाडीत सोळा नग असायचे. आता सात असतात, आणि गाणी तीच आहेत.

घाई कशाची ते आधी सांगतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. आपल्याकडे हळदीचा कार्यक्रम आठचा म्हणून सांगतात, पाहुण्यांची पहिली पंगत उठता उठता साडेआठ होतात, आणि त्यानंतर तुम्ही तासभर वायरी जोडत बसलात तर गायचं कधी? चोपड्याकडच्या एका लग्नात आम्ही चाळीस मिनिटं एक मेलेली वायर शोधत होतो. नवरीचे मामा दर पाच मिनिटांनी येऊन विचारायचे, ‘भो, आवाज येस का?’ शेवटी सहा गाणी झाली आणि दहा वाजले. पैसे पूर्ण मिळाले, पण घेताना मान वर झाली नाही. तेव्हापासून मांडवात पाय ठेवल्यापासून वीस मिनिटांत पहिला सूर निघाला पाहिजे, या एकाच मापाने आम्ही प्रत्येक वस्तू मोजतो.

घरी राहिलं ते असं. दुसरा कीबोर्ड राहिला. त्याच्यावर आम्ही फक्त बासरी आणि सनई वाजवत होतो, ते आवाज पहिल्या कीबोर्डच्या मेमरीत बटणांवर बसवले. त्याच्याबरोबर त्याचा स्टँड, त्याचा अडॅप्टर आणि त्याच्या दोन वायरीही गेल्या. एक वस्तू कमी केली की तिच्यामागची पिलावळ आपोआप कमी होते. लॅपटॉप राहिला, मांडवातल्या धुळीत तो न्यायचाच कशाला? दोन मॉनिटर, म्हणजे स्टेजवर स्वतःचं ऐकायचे स्पीकर, राहिले, कारण कीबोर्ड आणि ऑक्टापॅडवाले आता सगळे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरच्या हेडफोनच्या भोकातून साध्या वायरवाल्या इअरफोनवर ऐकतात. गायकांपुरता एक मॉनिटर साउंडवाल्याकडून घ्यायचा. आणि स्टिरिओ राहिला. यावर आमच्यात बरीच हुज्जत झाली, पण मांडवात अर्धी मंडळी डाव्या टॉपसमोर (वर लावलेल्या मोठ्या स्पीकरसमोर) बसतात, अर्धी उजव्या. त्यांच्यासाठी स्टिरिओचा उपयोग शून्य. कीबोर्ड आणि ऑक्टापॅड दोन्हींच्या मागे ‘लेफ्ट/मोनो’ असं भोक असतं. फक्त तिथे वायर लावली की पूर्ण आवाज एकाच वायरीतून येतो. चार वायरींच्या दोन झाल्या.

आता पेटी, म्हणजे या सगळ्याचं मूळ. सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घेतली, आत आठ चॅनलचा छोटा मिक्सर स्क्रूने बसवला, आणि वायरी त्यात कायमच्या लावून ठेवल्या. पेटीतून बाहेर येतात ती फक्त त्यांची मोकळी टोकं. लाल टेप कीबोर्डला, पिवळी ऑक्टापॅडला, निळी ढोलकच्या माइकला, पांढरी गायकाला, हिरवी गायिकेला. सहावी काळी, ती राखीव माइकची. रंग ठरवून घेतला की नवख्या मुलालाही जोडणी सांगावी लागत नाही, आणि अंधारात ओरडाओरड होत नाही. मिक्सरचे नॉब जिथे असावेत तिथे मार्करने रेघा मारल्या आहेत. वाटेत धक्क्याने हलले तरी बोटाने पुन्हा रेघेवर आणायचे.

पेटीतून साउंडवाल्याकडे जाते ती एकच वायर. इथे मात्र नीट लक्ष द्या, कारण आमचे निम्मे घोळ याच सांध्यात व्हायचे. साउंडवाला ती वायर माइकच्या चॅनलला लावतो आणि गेन (येणारा आवाज किती वाढवायचा तो नॉब) आधीच्या माइकचाच ठेवतो. मिक्सरमधून निघणारा आवाज माइकपेक्षा कितीतरी जोरकस असतो, त्यामुळे तो फाटतो. दुसरा प्रकार, त्याच्या मिक्सरवर कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्टचं फँटम (माइकच्या वायरीतूनच जाणारी वीज) चालू असतं आणि ते आपल्या मिक्सरच्या आउटपुटमध्ये उलटं शिरतं. तिसरा प्रकार म्हणजे गुरगुर. आपली लाइट एका बोर्डातून, त्याची दुसऱ्यातून, आणि दोन्हींचं अर्थिंग आपल्या वायरीने जोडलं गेलं की ५० हर्ट्झचा हम सुरू. या तिन्हींवर एकच औषध आहे, पॅसिव्ह डीआय बॉक्स, म्हणजे आत ट्रान्सफॉर्मर असलेली लहान डबी. पेटीच्या आउटपुटमधून पी ३८ जॅकची (पाव इंची जाड पिनची) लहान वायर डीआयमध्ये, आणि तिथून लांब एक्सएलआर (माइकची तीन पिनांची वायर) साउंडवाल्याकडे. आतला ट्रान्सफॉर्मर आवाज माइकच्या पातळीवर आणतो, फँटम अडवतो, आणि ग्राउंड लिफ्टचा, म्हणजे फक्त आवाजाच्या वायरीतला अर्थ तोडायचा, खटका दाबला की गुरगुर थांबते. याला सेल लागत नाही, अडॅप्टर लागत नाही. आणि त्याच्यापुढची वायर बॅलन्स्ड असल्यामुळे वीस-पंचवीस मीटर गेली तरी खरखर धरत नाही. साधी जॅकची वायर पाच-सहा मीटरच्या पुढे ओढू नये. काही जुन्या मिक्सरला एक्सएलआरचं भोकच नसतं, म्हणून फीमेल एक्सएलआर ते पी ३८ असा वीतभर तुकडा पेटीच्या झाकणात चिकटवून ठेवलाय.

गुरगुर घालवायला प्लगची अर्थ पिन काढून टाकणारे लोक मी पाहिलेत. ते कधीही करू नका, करू देऊ नका. अंगण नुकतंच शिंपडलेलं असतं, गायिकेच्या पायात चप्पल नसते, आणि माइकची जाळी ओठांना लागते. आम्ही सुरुवात करायच्या आधी आत छोटा बल्ब मिणमिणतो तो साधा टेस्टर प्रत्येक माइकच्या जाळीला लावून बघतो. पेटला तर साउंडवाल्याला अर्थिंग बघायला सांगायचं, मामा कितीही घाई करोत.

एका वायरीला साउंडवाले कुरकुरतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. आवाजाचा तोल आपण स्टेजवर बसून करतो, तिथे लोकांना काय ऐकू येतंय ते कळत नाही. म्हणून पहिल्या गाण्याचा मुखडा होईपर्यंत आमचा गायक खाली शेवटच्या खुर्चीपाशी उभा असतो, गायिका गाते आणि तो हाताने खुणा करतो. सारंगखेड्याच्या यात्रेसारखं मोठं स्टेज असेल आणि मिक्सरवर जाणकार माणूस बसला असेल, तर मात्र हट्ट धरू नये. पाच वायरी त्याला सुट्या द्याव्यात. पेटी त्या दिवशी स्टूल म्हणून वापरा.

लाइटचा हिशेब लोक उगीच मोठा समजतात. आमचा कीबोर्ड, ऑक्टापॅड आणि मिक्सर मिळून दीडशे वॉटच्या आत बसतात. सहा अँपिअरच्या एका साध्या सॉकेटवर २३० व्होल्टला १३८० वॉट निघतात. म्हणजे एक सॉकेट पुष्कळ झालं, फक्त ते आपलं एकट्याचं असावं. डेकोरेशनवाला त्याच बोर्डात कूलर आणि हॅलोजन लावतो, त्याला आधीच ‘दादा, एवढं एक आम्हाला राहू द्या’ म्हणून ठेवायचं. ६०० व्हीएचा कॉम्प्युटरचा यूपीएस आम्ही बरोबर नेतो. लाइट गेल्यावर जनरेटर सुरू होऊन स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढ्यात कीबोर्ड बंद पडला तर चालू गाण्याचे आवाज मेमरीतून पुन्हा निवडावे लागतात. स्वस्त यूपीएसची लाइट थोडी ओबडधोबड असते, जड ट्रान्सफॉर्मरवाला जुना अडॅप्टर तिच्यावर गुणगुणतो. आधी घरीच लावून बघा.

अडॅप्टरवरून आठवलं. यामाहाच्या बऱ्याच कीबोर्डना १२ व्होल्ट लागतात आणि पिनच्या आत प्लस असतो. रोलँडच्या ९ व्होल्टवाल्यांना आत मायनस. पिना दिसायला सारख्याच. प्रत्येक अडॅप्टरवर त्याच्या वाद्याच्याच रंगाची टेप लावायची, म्हणजे कीबोर्डची लाल, ऑक्टापॅडची पिवळी.

माइकबद्दल थोडंच. गाण्यासाठी वायरवाला डायनॅमिक माइक घ्या. शूअरचा एसएम५८ १९६६ पासून तसाच चालत आलाय तो उगीच नाही. तो पाठीमागून येणारा आवाज कमी घेतो, म्हणून मॉनिटर गायकाच्या तोंडासमोर, माइकच्या बरोबर पाठीशी ठेवायचा. जाळी मुठीत धरून गाण्याची स्टाइल ज्यांना आवडते त्यांना स्पीकरची शिट्टी फुकट मिळते. वायरलेस नेणारच असाल तर सेल नवे घाला, आणि साउंडवाल्याचा वायरलेसही तिथे असेल तर दोन्ही चालू करून, चालत जाऊन बघा. आम्ही नेत नाही.

आदल्या रात्री एक फोन करायचा, यजमानांना नाही, थेट साउंडवाल्याला. स्टेजपासून मिक्सर किती लांब, जनरेटर आहे का, आणि एक मॉनिटर मिळेल का, एवढं विचारलं की पुरे. यजमानांना विचारलं तर ते म्हणतात ‘सगळी सोय शे’, आणि त्याचा अर्थ काहीही निघू शकतो.

अखाजीला (अक्षय तृतीयेला) लग्नं दाट असतात आणि जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीच्या आसपास. बंद गाडीत दुपारभर कीबोर्ड ठेवला तर त्याची स्क्रीन काळी पडते आणि सगळ्या टेपचा चिकट लगदा होतो. म्हणून जेवायला थांबलो तरी वाद्यं सावलीत उतरवायची. ढोलकची पुडी उन्हाने सुकून सूर चढतो, श्रावणात दमट हवेने उतरतो. तिला मांडवात नेऊन निदान अर्धा तास तिथली हवा लागू द्या, मगच सूर लावा. पावसाळ्यात पेटीवर टाकायला एक जाड प्लास्टिक, बस्स. कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या उत्सवाच्या, रात्री कुणाच्या घरी बोलावलं असेल तर यातलं काहीच लागत नाही. बायका स्वतः गातात, ढोलकला माइकची गरज नसते. दोन माइक आणि एक पॉवर्ड (आतच अँप्लिफायर असलेला) स्पीकर, तोही कोपऱ्यात आणि मंद.

मांडवातला क्रम रोज तोच. आधी यूपीएस, मग पेटीची टोकं वाद्यांना, मग वाद्यं चालू, मग मिक्सर, आणि साउंडवाल्याने आपला चॅनल सगळ्यात शेवटी उघडायचा. बंद करताना उलट, त्याचा चॅनल आधी. नाहीतर स्पीकरमधून जो धप्प आवाज निघतो त्याने पुढच्या रांगेतली लेकरं रडायला लागतात, आणि साउंडवाला तुम्हाला पुन्हा मॉनिटर देत नाही.

परतताना थकवा असतो आणि चुका तेव्हाच होतात. वायरी कोपरावर गुंडाळायच्या नाहीत, आतली तार पिळून तुटते. एक वेढा सुलटा, एक उलटा असा हातात घ्यायचा, म्हणजे पुढच्या वेळी झटकली की सरळ उलगडते. जी वायर रात्रीत एकदा जरी खरखरली तिच्या टोकाला तिथेच गाठ मारायची, म्हणजे ती चांगल्या वायरींत मिसळत नाही. झाकणाच्या आत खडूने लिहिलंय: पेटी, कीबोर्ड, ऑक्टापॅड, ढोलक, यूपीएस, स्टँडांची पिशवी, वायरींची पिशवी. गाडीचं दार लावायच्या आधी एकाने मोठ्याने म्हणायचं, दुसऱ्याने बोट लावायचं. गाठ मारलेली वायर घरी आल्यावर सोल्डरच्या डब्यात जाते, आणि दुरुस्त झाल्याशिवाय तिची गाठ सुटत नाही.