ग्राहकाची गोष्ट शोधायची कुठे आणि सांगायची कशी

कंपन्यांसाठी मजकूर लिहिण्याच्या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच कुणीतरी सांगतं, "ग्राहकाला माहितीचा मारा करू नकोस, गोष्ट सांग." सल्ला योग्यच आहे. पण गोष्ट आणायची कुठून, हे मात्र कुणी सांगत नाही. मग नवखा लेखक टेबलाशी बसून स्वतःच एक गोष्ट रचतो. त्यात एक त्रासलेला माणूस असतो, त्याला आपलं उत्पादन मिळतं आणि शेवटी त्याच्या चेहऱ्यावर हसू उमटतं. वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीलाच कळतं की असा माणूस जगात कुठेच नाही.

मी बरीच वर्षं हे काम करते आहे आणि माझं याबाबत ठाम मत आहे. या कामाचा मोठा भाग ऐकण्यात जातो, आणि तो जायलाच हवा. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? ज्याच्यासाठी लिहायचं तो ग्राहक कधी बोललेलाच ऐकला नसेल, तर हात कितीही लिहिता असला तरी मजकूर पोकळच उतरतो.

गोष्टीने नेमकं काय साधतं, ते आधी पाहू. 1969 साली मानसशास्त्रज्ञ गॉर्डन बॉवर आणि त्यांचे सहकारी क्लार्क यांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना दहा-दहा शब्दांच्या बारा याद्या लक्षात ठेवायच्या होत्या. एका गटाला प्रत्येक यादीतले शब्द गुंफून छोटी गोष्ट तयार करायला सांगितलं, दुसऱ्या गटाने आपापल्या पद्धतीने पाठांतर केलं. सगळ्या याद्या संपल्यावर विचारलं, तेव्हा गोष्ट करणाऱ्यांना सरासरी 93 टक्के शब्द आठवले आणि पाठांतर करणाऱ्यांना 13 टक्के. यातली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या विद्यार्थ्यांनी दुसऱ्याची गोष्ट ऐकली नव्हती, शब्दांची सांगड त्यांनी स्वतः घातली होती. आपल्या ब्रोशरमधली फीचरची यादी ग्राहकाच्या डोक्यात टिकत नाही, कारण तिची सांगड त्याच्या दिवसाशी कुणी घातलेली नसते. ती घालता येईल इतका तपशील त्याच्या हातात देणं हे आपलं काम.

एक उदाहरण सांगते. दवाखान्यांसाठी वेळ ठरवून देणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीचं काम माझ्याकडे होतं. त्यांच्या प्रत्येक पानावर 'कार्यक्षमता' आणि 'वेळेची बचत' हे शब्द होते. मी ते सॉफ्टवेअर रोज वापरणाऱ्या एका स्वागतिकेशी बोलले. पूर्वी एका हातात फोन, दुसऱ्या हाताने वहीत नोंद आणि समोर रांग, असा तिचा दिवस जायचा. "आता काय बदललं?" असं विचारल्यावर ती आधी वेळ वाचतो वगैरे म्हणाली, म्हणजे कंपनीचीच भाषा बोलली. मी गप्प राहिले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आता समोर उभ्या माणसाकडे मान वर करून बघता येतं." बस, गोष्ट मिळाली. हे वाक्य मला टेबलाशी बसून कधीच सुचलं नसतं. दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना ते लगेच पटलं, कारण मान खाली घालून बोलणाऱ्या स्वागतिकेबद्दलच्या तक्रारी त्यांच्याच कानावर येत होत्या.

अशी वाक्यं कुठे सापडतात? सगळ्यात आधी कस्टमर केअरमध्ये. तिथली कॉल रेकॉर्डिंग ऐकायची परवानगी पहिल्या दिवशीच मागा. सेल्सवाल्यांना विचारा, की हो म्हणायच्या आधी ग्राहक शेवटचा प्रश्न कोणता विचारतो. दुरुस्तीला जाणाऱ्या माणसाला विचारा, कारण वस्तू प्रत्यक्षात कशी वापरली जाते हे त्याच्याइतकं कुणीच पाहिलेलं नसतं. परत आलेल्या मालाच्या नोंदी वाचा. दोन-तीन तारे देऊन लिहिलेले अभिप्राय पाच ताऱ्यांच्या अभिप्रायांपेक्षा कितीतरी कामाचे असतात, कारण त्यात अपेक्षा काय होती आणि मिळालं काय हे दोन्ही असतं. हे सगळं एका वहीत ग्राहकाच्याच शब्दांत उतरवून ठेवा. शब्द सुधारायचा मोह आवरा. 'प्रणाली वापरण्यास सुलभ आहे' असं कुठलाच माणूस बोलत नाही.

मग ग्राहकाशी प्रत्यक्ष बोलण्याची वेळ येते. इथे बहुतेक नवखे विचारतात, "आमचं उत्पादन तुम्हाला कसं वाटलं?" याचं उत्तर "छान आहे" याखेरीज दुसरं काही मिळत नाही. विचारायचं ते घडलेल्या गोष्टींबद्दल, आणि घडल्या त्या क्रमाने. ज्या दिवशी तुम्ही आम्हाला पहिल्यांदा फोन केलात, त्या दिवशी काय झालं होतं? त्याआधी काय काय करून पाहिलं होतं? घ्यावं की नाही अशी शंका कशामुळे आली? घरातल्या किंवा ऑफिसातल्या कुणी विरोध केला का? आणल्यावर पहिल्या आठवड्यात काय अडलं? आता तेच काम कसं करता?

यातला शंकेचा प्रश्न कधीही वगळू नका. कंपनीतल्या लोकांना तो आवडत नाही, "ते कशाला छापायचं?" असं ते म्हणतात. पण घ्यायला आलेला नवा ग्राहक नेमका त्याच शंकेपाशी अडलेला असतो. आपल्यासारखीच शंका दुसऱ्या कुणाला आली होती आणि तिचं पुढे काय झालं, हे वाचल्यावर त्याला धीर येतो. शंका कापून टाकलेली गोष्ट ही नुसती जाहिरात उरते.

बोलताना रेकॉर्ड करणार असाल तर आधी विचारा. उत्तर आल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. माणूस पहिलं उत्तर सभ्यपणे देतो, खरं काय ते त्यानंतर बोलतो.

लिहायला बसल्यावर नमनाला घडाभर तेल घालू नका. कंपनीची स्थापना, ध्येय, मूल्यं यांनी सुरुवात करायची गरज नसते. अडचणीच्या क्षणापासून सुरू करा. आणि गोष्ट कुणाची आहे ते विसरू नका: अडचण ग्राहकाची, निर्णय त्याचा, बदल त्याच्या दिवसात झालेला. कंपनी त्यात मदतीला आलेली असते, तितकीच तिची जागा. घटना एकमेकींना बांधलेल्या आहेत का, हेही तपासा. एका घटनेमुळे दुसरी घडली असं दिसत नसेल, तर आपल्याकडे अजून नुसती यादीच आहे. अ‍ॅमेझॉनमध्ये 2004 साली जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या बैठकीतल्या स्लाइड बंद करून सलग गद्यात टिपणं लिहायला लावली, त्यामागे हाच विचार होता. मुद्द्यांच्या यादीत कच्चे दुवे लपून राहतात, पूर्ण वाक्यं लिहायला घेतली की ते उघडे पडतात. सरावासाठी याहून चांगला उपाय मला माहीत नाही. आपल्याच कंपनीची एखादी स्लाइड घ्या आणि तिचं एक पान सलग गद्य करून पाहा.

लांबीबद्दल थोडक्यात सांगते. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सांगता आली पाहिजे. एकच गोष्ट ईमेलसाठी तीन ओळींत, वेबसाइटसाठी एका पानात आणि सेल्सच्या माणसाला फोनवर बोलता येईल अशी, या तिन्ही रूपांत लिहून ठेवा. माध्यमं बदलत राहतात, त्यांची फार काळजी करू नका.

आकडे कुठे द्यायचे हा प्रश्न हमखास येतो. 2007 साली स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. लोकांना एका प्रश्नावलीसाठी 5 डॉलर दिले गेले आणि त्यातून दान करायची संधी दिली गेली. ज्यांनी एकाच मुलीबद्दल वाचलं त्यांनी सरासरी 2.38 डॉलर दिले. ज्यांना लाखो उपाशी माणसांची आकडेवारी मिळाली त्यांनी 1.14 डॉलर दिले. आणि ज्यांना मुलगी आणि आकडेवारी दोन्ही एकत्र दाखवलं, त्यांनी 1.43 डॉलर दिले. म्हणजे आकडे शेजारी आले आणि गोष्टीचा जोर ओसरला. दान आणि खरेदी यात फरक आहे, हे मी मान्य करते. खर्चाला मंजुरी देणाऱ्या माणसाला आकडे लागतातच. म्हणून मी ते वेगळ्या पानावर, स्वच्छ तक्त्यात देते. गोष्टीच्या मध्ये टक्केवारी घुसडत नाही.

आता खरेपणाबद्दल, कारण या कामात याहून मोठं काही नाही. 2009 साली रॉब वॉकर आणि जोशुआ ग्लेन यांनी जुन्या बाजारातून अगदी स्वस्तातल्या, किरकोळ वस्तू गोळा केल्या, प्रत्येक वस्तूवर एकेका लेखकाकडून गोष्ट लिहून घेतली आणि त्या ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर विक्रीला काढल्या. सुमारे 129 डॉलरच्या वस्तू 3,600 डॉलरहून जास्त किमतीला गेल्या. हे उदाहरण प्रशिक्षणात पुष्कळ सांगतात, पण एक गोष्ट बहुधा सांगायची राहून जाते. त्या गोष्टी काल्पनिक आहेत हे तिथे लेखकाच्या नावासह स्पष्ट लिहिलेलं होतं. विकत घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते ठाऊक होतं.

याच्या उलट खुद्द ईबेचंच उदाहरण आहे. संस्थापकाच्या वाग्दत्त वधूला पेझ गोळ्यांच्या डब्या जमवायचा छंद होता आणि तिच्यासाठी ही साइट सुरू झाली, अशी कहाणी वर्षानुवर्षं छापून येत होती. ती 1997 साली जनसंपर्काचं काम करणाऱ्या व्यक्तीने पत्रकारांसाठी रचली होती, हे पुढे 2002 साली जगजाहीर झालं. कंपनी मोठी होती, तरून गेली. लहान व्यवसायाकडे विश्वासाखेरीज दुसरं भांडवल नसतं, तिथे असं तिखटमीठ लावणं परवडत नाही. दोन ग्राहकांचे अनुभव जोडून एक पात्र केलं असेल, तर तसं लिहा. वाचक रागावत नाही.

संस्थापकाची गोष्ट सांगायची हौस सगळ्यांनाच असते. माझ्या मते तिचं महत्त्व जरा जास्तच मानलं जातं. ती चालते तेव्हा चालण्याचं कारण एकच असतं: संस्थापकाची अडचण ग्राहकाचीही असते. जॉन्सन अँड जॉन्सनमध्ये काम करणाऱ्या अर्ल डिक्सन यांनी 1920 साली बँड-एड बनवलं, कारण त्यांच्या पत्नी जोसेफिन यांची बोटं स्वयंपाकघरात सारखी कापायची, भाजायची आणि एकट्याने पट्टी बांधता यायची नाही. बोट कापलेल्या कुणालाही ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. 'आम्ही एका छोट्या खोलीतून सुरुवात केली' या वाक्यात ग्राहकाचं काय आहे?

काही ठिकाणी गोष्ट अजिबात सांगू नये. सेवा बंद पडली, पैसे अडकले, माहिती चोरीला गेली, दर वाढले किंवा समोरचा चिडला आहे, अशा वेळी काय झालं, आम्ही काय करतोय आणि कधीपर्यंत, एवढंच सांगा. खोळंबलेल्या माणसाला गोष्ट ऐकवणं हा त्याचा अपमान आहे.

या क्षेत्रात यायचं असेल तर कस्टमर केअरमधली नोकरी कमी प्रतीची समजू नका. माझ्या ओळखीतले चांगले लेखक बरेचसे तिथूनच आले आहेत. पोर्टफोलिओसाठी मोठ्या कंपन्यांच्या काल्पनिक जाहिराती लिहिण्यापेक्षा एखाद्या लहान व्यावसायिकाच्या एका खऱ्या ग्राहकाशी बोला आणि तीच गोष्ट वर सांगितलेल्या तीन रूपांत दाखवा. मुलाखतीत तुमचे प्रश्नही दाखवा. हल्ली मजकूर लिहून देणारी साधनं सगळ्यांकडे आहेत, पण ग्राहकाला काय विचारायचं हे कळणारी माणसं अजूनही कमी आहेत.

गोष्ट लागू पडली की नाही, हे मी लाइक मोजून ठरवत नाही. सेल्सचा माणूस कुणी न सांगता ती स्वतःच्या शब्दांत सांगू लागला, किंवा नव्या ग्राहकाने फोनवर "त्या बाईंचं जे व्हायचं, तेच आमचं होतंय" असं म्हटलं, की मला उत्तर मिळतं.

छापायच्या आधी मसुदा ग्राहकाला वाचायला द्या आणि नाव, फोटो यांची लेखी परवानगी घ्या. आरोग्य किंवा पैशाचा तपशील असेल तर पुन्हा एकदा विचारा, कारण बोलण्याच्या ओघात सांगितलेलं छापून यावं अशी त्याची इच्छा असेलच असं नाही. त्याने एखादं वाक्य काढायला सांगितलं तर ते तुमचं सगळ्यात आवडतं वाक्य असलं तरी काढा. आणि वर्षभराने त्याला फोन करा. अजून तेच वापरताय का, लिहिलेलं अजून तसंच आहे का, ते विचारा. नसेल तर गोष्ट त्याच दिवशी वेबसाइटवरून उतरवा आणि सेल्सच्या लोकांनाही तसं कळवा.