मार्टिनिकची केळी आणि फ्रान्सचा व्हिसा

रावेर-यावलकडचा केळी बागायतदार कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावरच्या बागा बघायला निघाला, की पहिला घोळ व्हिसाचा होतो. बेट फ्रान्सचंच, चलन युरो, तिथल्या माणसाच्या खिशात पासपोर्टही फ्रान्सचाच. पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, फ्रान्सचा फक्त युरोपातला भाग येतो. मार्टिनिक, ग्वादलुप, रियुनियन, फ्रेंच गयाना, मायोत सगळे बाहेर. साध्या, थोड्या दिवसांच्या शेंगेन व्हिसावर हे प्रदेश धरून चालू नका.

त्यामुळे फ्रान्सच्या व्हिसा संकेतस्थळावर अर्ज भरतानाच ठिकाण म्हणून मार्टिनिक दाखवा आणि वाटेत पॅरिसला उतरणार असाल तर तेही लिहा. भुसावळहून रात्रीची गाडी पकडून मुंबईच्या व्हिसा केंद्रावर बोटांचे ठसे द्यायला गेल्यावर हे आठवलं, तर खेप वाया गेली समजा.

खरी मेख प्रवेशसंख्येची. मुंबई ते पॅरिस हा पहिला प्रवेश. पॅरिसहून मार्टिनिकला उडालात की शेंगेनमधून बाहेर पडलात. येताना पुन्हा पॅरिस, म्हणजे दुसरा प्रवेश. पासपोर्टात चिकटवलेल्या व्हिसाच्या स्टिकरवर प्रवेशांच्या रकान्यात ‘०१’ असेल, तर परतीच्या विमानात बसायलाच अडचण येते. ‘०२’ तरी हवंच. स्टिकर हातात पडला की आधी हा रकाना आणि ‘कुठे वैध’ ही ओळ वाचा.

दिवसांचा हिशेब मात्र आपल्या फायद्याचा. पॅरिसमध्ये ४, मार्टिनिकमध्ये १० आणि येताना पुन्हा पॅरिसमध्ये २ दिवस राहिलात, तर शेंगेनचे ६ च मोजतात. येण्याचा आणि जाण्याचा दिवस त्यात धरलेला असतो. लोक फसतात ते शेवटच्या तारखेला: दिवस शिल्लक असतात, पण बेटावर असतानाच व्हिसाची मुदत संपते.

विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. पॉलिसीवर नुसतं ‘शेंगेन देश’ असेल तर एजंटाकडून मार्टिनिकचं नाव लिहून घ्या. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, निघायला १५ दिवसांपेक्षा कमी उरले असताना आलात तर उशीर झाला. पासपोर्ट १० वर्षांच्या आतला, परतल्यावरही ३ महिने चालणारा आणि २ कोरी पानं असलेला हवा.

फ्रान्सचा नियम दुसऱ्या देशाला लावू नका. स्पेनची कॅनरी बेटं शेंगेनच्या आत आहेत. डेन्मार्कचं ग्रीनलँड बाहेर. तिथे जायचं तर व्हिसावर त्याचा वेगळा उल्लेख लागतो. नॉर्वेचं स्वालबार्ड बेटही बाहेर. तिथे व्हिसा लागत नाही, पण वाट नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून जाते, म्हणून तिथेही दोन प्रवेशांचाच शेंगेन व्हिसा मागा.