नेत्रसहाय्यकांनो, केस पेपरवरच्या या चुका टाळा

मुंबईतल्या एका ओपीडीत मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. लालबागहून एक मावशी आल्या. जाड काचांचा चष्मा, वय साठीच्या पुढे. म्हणाल्या, "अगं, कालपासून उजव्या डोळ्यापुढं एका बाजूनं पडदा आल्यासारखं वाटतंय." मी केस पेपरवर लिहिलं 'मोतीबिंदू?' आणि त्यांना रांगेत बसवलं. दीड तास त्या बाकावर होत्या. डॉक्टर मॅडमनी बाहुली मोठी करून आत पाहिलं, तर रेटिना (डोळ्याच्या आतला मागचा पडदा) सुटलेली. त्याच दिवशी त्यांना रेटिनाच्या सर्जनकडे पाठवलं. मॅडम मला एवढंच म्हणाल्या, "त्यांनी पडदा सांगितला होता, तू मोतीबिंदू का लिहिलास?"

तेव्हापासून नव्या मुलामुलींना मी पहिली गोष्ट हीच सांगते. पेशंटचा शब्द आधी जसाच्या तसा लिहा, निदान डॉक्टर करतील. 'पडदा' हा तर फार फसवा शब्द आहे. आपण रेटिनाला पडदा म्हणतो, पेशंट मोतीबिंदूलाही पडदा म्हणतात, आणि रेटिना सुटली तरी ते पडदाच आला म्हणतात. म्हणून लगेच विचारा: कधीपासून? एकदम आला की हळूहळू? विजेसारखं चमकतंय का, काळे ठिपके तरंगतात का? मोतीबिंदूत नजर सहसा महिनोन्‌महिने मंदावत जाते. कालपासून पडदा असेल तर पेपर घेऊन थेट डॉक्टरांच्या टेबलापाशी जा.

'बुबुळ'ही तसंच. लोक कॉर्निया (डोळ्यावरची पुढची पारदर्शक काच), आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत भाग) आणि बाहुली या तिन्हींना बुबुळ म्हणतात. "बुबुळावर फूल पडलंय" असं कुणी म्हणालं तर बहुतेक वेळा कॉर्नियावरचा पांढरा डाग असतो, पण टॉर्च मारून बघितल्याशिवाय लिहू नका. पिकलेल्या मोतीबिंदूत बाहुली पांढरी दिसते आणि घरच्यांना दोन्हींतला फरक कळत नाही.

मोतीबिंदू आणि काचबिंदू यांची गल्लत तर जिवाला लागते. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग धुरकट होतं आणि ऑपरेशनने नजर परत येऊ शकते. काचबिंदूत नजरेची नस खराब होते आणि गेलेली नजर परत येत नाही. पेशंटला घाईत "बिंदू आहे" एवढंच सांगितलं, की तो घरी जाऊन मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसतो आणि काचबिंदूचे थेंब सुटतात. पूर्ण शब्द उच्चारा, दोनदा उच्चारा.

ओडी म्हणजे नक्की काय?

डोळ्यांच्या भाषेत ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस डावा, ओयू दोन्ही. ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरं. पण औषधांच्या चिठ्ठीवर ओडी म्हणजे दिवसातून एकदा! काचबिंदूच्या थेंबांपुढे नुसतं 'ओडी' लिहिलं, तर मेडिकलवाला "रोज एकदा" समजतो आणि दुसरा कुणी "फक्त उजव्या डोळ्यात". म्हणून माझा आग्रह आहे की सरळ 'उजवा', 'डावा' किंवा आरई (राइट आय), एलई (लेफ्ट आय) लिहा, आणि किती वेळा ते अक्षरात लिहा. दुसरं, पेशंट समोर बसला की त्याचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला येतो. मी अजूनही डोळा झाकण्याआधी "काका, हा तुमचा उजवा ना?" असं विचारून घेते. नोंद नेहमी उजव्यापासून सुरू करा.

नंबर लिहिताना

'लांबचा नंबर' म्हणजे लांबचं दिसत नाही, आणि पुस्तकात त्याला बहुधा निकटदृष्टिता म्हणतात, म्हणजे मायनस. दूरदृष्टिता हा प्लस. पण नावावरून चिन्ह ठरवू नका, कागदावरचं चिन्ह बघा. -२.५० च्या जागी +२.५० गेलं, तर पाच नंबरांचा फरक पडतो आणि चष्मा घालून माणूस दादरचा जिनासुद्धा उतरू शकत नाही. सिलिंडर (तिरप्या नंबराचा आकडा) लिहिला आणि ॲक्सिस (तो कोणत्या कोनात बसवायचा ते) राहिला, तर दुकानदाराला काच बसवता येत नाही. ॲक्सिस १० की १००, हे अक्षर नीट नसेल तर तोंडी विचारून घ्या.

नजरेची नोंद ६/१२ अशी असली तरी चष्म्यासह की चष्म्याशिवाय, हे लिहिल्याशिवाय ती अर्धीच राहते. वरचा ६ म्हणजे पेशंट चार्टपासून ६ मीटरवर, खालचा आकडा म्हणजे चांगल्या नजरेला ती ओळ जितक्या मीटरवरून दिसते ते अंतर. खोली लहान असेल तर आरसा लावून अंतर भरतात. आरसा न लावता चार मीटरवर बसवून ६/६ लिहू नका. वाचता न येणाऱ्यांसाठी वेगवेगळ्या दिशांना वळवलेल्या 'ई'चा (E) चार्ट घ्या. मोठं अक्षरही दिसलं नाही, तर किती अंतरावरची बोटं मोजली ते लिहा. पिनहोलमधून (बारीक भोकाच्या चकतीतून) नजर सुधारली तर बहुधा नंबराचा दोष असतो.

हे सगळं बाहुली मोठी करणारे थेंब टाकण्याआधी करा. ट्रॉपिकामाइड (त्याच थेंबांचं औषध) घातल्यावर घेतलेली नजर विश्वासाची नसते. आणि थेंब टाकण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं तो कोन अरुंद असेल तर डोळ्यातलं प्रेशर एकदम वाढू शकतं. पेशंटला आधीच सांगा की चार-सहा तास धूसर दिसेल, स्कूटर आणू नका, आणि परतताना लोकलच्या गर्दीत चढायला बरोबर कुणीतरी असू द्या.